भाज्यात न अडकलेली परेड

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते हसायला. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद बंगल्यातून येणारा पैंजणांचा आवाज... अहो, खंडाळ्यातल्या अशा दहा-बारा ‘झपाटलेल्या’ बंगल्यांत मी स्वतः वायरी ओढायला गेलेय. तिथे मला उंदीर भेटले आणि ‘आलाच आहात तर जरा हेही बघा ना’ म्हणणारे मालक भेटले. भूत एकही नाही. त्यामुळे मी इथे लिहायला बसलेय हे माझ्या नवऱ्याला कळलं तर तो आठवडाभर चिडवेल. चिडवू दे.

मी रुकसाना. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत, चिक्कीच्या भट्टीला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी भंगारात काढलेलं मशीन घ्यायचं, त्यात लिनक्स टाकायचं आणि ते आणखी पाच-सात वर्षं पळवायचं, ही माझी खासियत. माझ्या हाताला यश आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही.

अनुभव गेल्या डिसेंबरमधला, भाजे गावातला. मळवली स्टेशनवर उतरून लेण्यांच्या रस्त्याला लागलं की गावात ग्रामपंचायतीचं सभागृह आहे – वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतीवर जुना मोठा टीव्ही. वेळ सकाळी आठची, लख्ख उन्हाची. साठ-सत्तर माणसं हजर होती. म्हणजे ‘एकटी होतीस, घाबरलीस, भास झाला’ असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

पण आधी दत्तूभाऊ कोण ते सांगायला हवं.

दत्तूभाऊ भाज्याचे. घरची थोडी भातशेती आणि नोकरी खंडाळ्यात एका बंगल्यावर वॉचमनची. सहा वर्षांपूर्वी मालकाने त्यांना एक जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला सांगितला. भाऊंनी तो टाकला नाही. खताच्या रिकाम्या गोणीत घालून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवला.

“ताई, ह्येच्यात जीव हाय का बघा. पोरीला अभ्यासाला पायजे.”

जीव होता. मी साफसफाई केली, लिनक्स टाकलं, दिलं. पुढच्या आठवड्यात भाऊ परत हजर. मला वाटलं, बिघडलं. पण त्यांना मशीन नव्हतं दाखवायचं, त्यांना ते शिकायचं होतं. पन्नाशीला आलेला माणूस, दहावी नापास, रात्रपाळी संपवून सकाळी माझ्या दुकानात स्टुलावर बसायचा आणि मी टाइप केलेली एकेक कमांड वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचा. मी आजवर इंजिनियर पोरं शिकवली आहेत. दत्तूभाऊंइतका चिवट विद्यार्थी मला मिळाला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते.

त्यांची एक सवय मात्र मला खटकायची. कोणतीही कमांड द्यायच्या आधी ते मशीनला राम राम घालायचे. म्हणजे खरोखर टाइप करून! लिनक्समध्ये ‘एको’ नावाची साधी कमांड असते – तुम्ही जे लिहाल ते मशीन तसंच परत लिहून दाखवतं. भाऊ एको लिहून पुढे ‘राम राम’ लिहायचे, मशीन खाली ‘राम राम’ छापायचं, आणि मग हे समाधानाने कामाला लागायचे.

एकदा मी वैतागून म्हणाले, “भाऊ, तो काय माणूस आहे का?”

“न्हाई, म्हनून तर,” भाऊ म्हणाले. “मानसाला न बोलता बी कळतं. ह्येला बिचाऱ्याला कसं कळावं आपुन आलोय ते? आन् भेटल्या भेटल्या काम सांगू नी कुनाला.”

मी पुढची कमांड सांगितली.

त्यांची मुलगी आरती तेव्हा भरतीच्या परीक्षेची तयारी करत होती. सगळा अभ्यास व्हिडिओवर, आणि व्हिडिओ अडकायचे. गणिताचे सर अर्धं वाक्य बोलून तोंड उघडं ठेवून थांबायचे. मी भाऊंना कारण समजावलं. व्हिडिओ नेटवरून येतो तो घट्ट घडी घालून येतो, आणि ती घडी पळता पळता उलगडावी लागते. सगळं काम मुख्य प्रोसेसरवर पडलं तर त्याला धाप लागते. ग्राफिक्सच्या चिपमध्ये घडी उलगडायलाच ठेवलेला एक वेगळा भाग असतो. पण लिनक्सवर ब्राउझर त्याला आपणहून हाक मारेलच असं नाही, आपल्याला दोघांची गाठ घालून द्यावी लागते.

भाऊ म्हणाले, “म्हंजे बँकर.”

मी चाटच पडले. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, ती बँकर. माझे अब्बा अख्खी नोकरी त्या इंजिनांवर होते आणि मला ही उपमा कधी सुचली नव्हती!

त्यानंतर दोन आठवडे त्यांचा धडाका चालला होता. ड्रायव्हर घाल, सेटिंग बदल, वही बघ, मला फोन कर. एके दुपारी मी जेवत असताना फोन आला. “ताई, बँकर लागला! सर थांबायचं नावच घेईनात!” मागून आरती हसत होती. मला इतका आनंद झाला की मी खरकट्या हाताने शेजारच्या भट्टीवर जाऊन सगळ्यांना सांगून आले.

वर्षभराने नवीन अडचण आली. काही साइटींनी व्हिडिओची घडी घालायची पद्धत बदलली, व्हीपी-नाइन नावाची नवी आणली. भाऊंची चिप दुसऱ्या पिढीची, म्हणजे बरीच जुनी. तिला जुनी घडी उलगडता येते, ही नवी तिच्यात बसवलेलीच नाही. मी भाऊंना स्पष्ट सांगितलं, “हे सेटिंगचं काम नाही. तो भाग चिपमध्येच नाहीये. नाही होणार.”

“चिपमदी न्हाई तर न्हाई,” भाऊ म्हणाले. “पन इचारायला काय जातंय?”

आणि ते मशीनला विचारत राहिले. महिनोन्महिने. दोन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत, शेतातच, छातीत कळ येऊन भाऊ गेले. आरतीची निवड झाल्याचं पत्र त्यानंतर अठरा दिवसांनी आलं. केंद्रीय दलात, थेट अधिकारी म्हणून – भाज्यातली पहिली मुलगी.

ट्रेनिंग संपलं आणि डिसेंबरात दीक्षांत परेड ठरली, तीही पार उत्तरेला. घरच्यांसाठी दोन पास आले. पण आरतीची आई, सुमनवहिनी, महिन्याभरापूर्वी बांधावरून घसरल्या होत्या. पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. प्रवासाचं नाव काढायला नको. शेवटी आरतीचा मामा एकटा गेला आणि ट्रेनिंग सेंटरच्या वेबसाइटवर परेड लाइव्ह दाखवणार असल्याचं कळलं. मोबाइलवर बघून वहिनींना काही उपयोग नव्हता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातातला पडदा म्हणजे त्यांना नुसता धुरळा. सभागृहातला टीव्ही मात्र पुढे बसलं तर दिसायचा. भाऊंचं मशीन घरच्यांनी आधीच सभागृहाला देऊन टाकलं होतं, ते त्याच टीव्हीला जोडलेलं होतं.

वहिनींनी मला निरोप धाडला. मी रविवारी जाऊन त्याच वेबसाइटवरची आधीच्या वर्षीची परेड लावून पाहिली. लोण्यासारखी चालली. मी वहिनींना म्हणाले, “डोळे झाकून बसा.” मग माझंच मला हसू आलं, “म्हणजे उघडे ठेवून बसा.”

आता माझी चूक ऐका. परेडच्या दिवशी निघताना नवरा म्हणाला, लॅपटॉप बरोबर ने, असू दे. मी नेला नाही. मुद्दाम. मी लावलेल्या मशीनला राखीव गडी? लोक काय म्हणतील, रुकसानाचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही? गर्वाचं घर खाली म्हणतात, ते असं.

साडेसातला सभागृह भरलं होतं. वहिनी सगळ्यांत पुढे खुर्चीवर, प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर, अंगावर ठेवणीतली जरीची साडी. पावणेआठला मी पान उघडलं. मैदान दिसलं, झेंडा दिसला... आणि झेंडा फडकता फडकता थांबला. निवेदकाचा आवाज तुटत तुटत पुढे गेला. मग एकदम सहा-सात चित्रं धावली आणि पुन्हा सगळं गार. मशीनचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला.

मी आकडे पाहिले आणि घोळ कळला. मागची परेड जुन्या घडीत होती. लाइव्ह मात्र त्यांनी व्हीपी-नाइनमध्ये सोडली होती आणि पानावर दर्जा कमी करायची सोयच नव्हती. प्रोसेसर शंभर टक्के.

मी ब्राउझर बंद करून उघडला. दुसरा ब्राउझर लावला. सेटिंगं उलटसुलट केली, मशीन पुन्हा सुरू केलं. चिपला कोणकोणत्या घड्या उलगडता येतात त्याची यादी काढली... नवी घडी त्यात नव्हती. नसणारच होती, काही वर्षांपूर्वी मीच तर सांगितलं होतं. गावात लॅपटॉप दोन, दोन्ही मालकांबरोबर तळेगावच्या कंपनीत गेलेले. माझा लोणावळ्यात. आठ वाजायला सहा मिनिटं. मागे पोरं मोबाइल काढून बघायला लागली होती आणि वहिनी त्या थांबलेल्या झेंड्याकडे टक लावून बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वहिनी,” मी म्हणाले, “मला नाही वाटत...”

“म्याडम, त्येला राम राम घातला का?”

“काय?”

“ह्ये घालायचे. त्याबिगर हात लावत नव्हते.”

खरं सांगू? मला राग आला. राम राम मी दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना घालते, त्याचं काही नाही. पण अठरा वर्षं या धंद्यात घालवून, साठ माणसांसमोर मशीनला? आणि तरीही त्या बाईच्या तोंडाकडे बघून ‘नाही’ म्हणवेना. मी एको लिहिलं. पुढे राम राम लिहिलं. मशीनने खाली राम राम छापलं, ते त्याचं कामच आहे. मी पान परत उघडलं.

पंख्याचा आवाज खाली आला.

आधी मला वाटलं मशीन बंद पडलं. मग टीव्हीवरचं चित्र एकदा थरथरलं आणि झेंडा फडकायला लागला. सलग. बँड आला. बुटांच्या रांगा आल्या, सगळे बूट एकाच वेळी उचललेले, एकही पाऊल गाळलेलं नाही. आणि मग मैदानाच्या मधोमध, हातात तलवार घेतलेली एक बारीक अंगाची मुलगी... चेहरा टोपीखाली, दिसत नव्हता. तिने हुकूम दिला.

“परेऽऽड... सावधाऽन!”

“आरी हाय!” वहिनी ओरडल्या. “माजी आरी हाय ती!”

परेडचं नेतृत्व आपल्याकडे आहे, हे त्या कार्टीने घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. मागून एक आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “ह्याच आवाजानं माजी म्हस किल्ल्याच्या खालनं घरला यायची! आता कसे पाचशे जन वळत्यात बघा!” सगळं सभागृह खदखदून हसलं आणि त्याच दमात अर्धं सभागृह रडलं. मीही. लाज कसली?

पण माझी खोड जात नाही. टीव्हीशेजारी मशीनचा छोटा पडदा होता, त्यावर मी मीटर उघडलं. प्रोसेसर नऊ टक्के. खाली ग्राफिक्स चिपच्या व्हिडिओ भागाचा पट्टा – मघाशी मेल्यासारखा शून्यावर पडलेला – आता वरखाली होत होता. घडी कुठली? व्हीपी-नाइन. तीच. म्हणजे चिपमध्ये जो भाग बसवलेलाच नाही, तो काम करत होता. मी मोबाइलने फोटो काढला. मशीनच्या डब्यावर हात ठेवला. एरवी ज्याच्यावर चहा उकळला असता तो डबा माठासारखा गार होता. तेव्हा मात्र माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, भर उन्हात.

“म्याडम, तितं काय बघताय? वर बघा की!” वहिनींनी माझा हात ओढला.

वर मामा आरतीच्या खांद्यावर तारे लावत होता. त्याने पिन आधी उलटी धरली तेसुद्धा दिसत होतं, इतकं चित्र स्वच्छ. वहिनी बोट दाखवून एकेक गोष्ट सांगत होत्या – हा तारा, ही शिट्टी, ही कपाळावरची लहानपणची पडल्याची खोक. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती खोक दिसली का आठवली, ते मी विचारलं नाही.

तुकडी संथ चालीने निघाली, पायऱ्या चढली आणि शेवटी आरती समोरच्या इमारतीच्या दारातून आत गेली. त्याच क्षणी पंखा भडकला. निवेदक आभार मानायला उभा राहिला आणि तोंड उघडं ठेवून तसाच थांबला. पुढे तो काही केल्या हलला नाही.

पेढे वाटून गाव पांगलं. मी मात्र तिथेच बसले. तीच परेड, तेच पान, तीच घडी – रेकॉर्डिंग लगेच आलं होतं. लावलं, अडकलं. पुन्हा राम राम लिहिलं, अडकलं. वीस वेळा लिहिलं. सलामही घालून पाहिला, हसू नका. यादी काढली, नवी घडी नाहीच. शेवटी डबा उघडून चिपवरचा नंबर वाचला, दुसरी पिढीच. कोणी बदलली नव्हती. घरी जाऊन वहिनींना विचारलं तर त्या अगदी सहज म्हणाल्या, “ह्ये आलते. लेकीचं बगायला येनार न्हाईत व्हय?” आणि भाकरी टाकायला बसल्या, प्लॅस्टरसकट.

फोटो मी लिनक्सच्या एका मंचावर टाकला. एकाने लिहिलं, फोटो बनावट. दुसऱ्याने लिहिलं, मध्येच जुनी घडी आली असेल. मी म्हटलं, फोटोत घडीचं नाव वाचा. तिसऱ्या जाणकाराने सांगितलं, मीटर कधीकधी चुकीचं दाखवतं. असेल बुवा. पण मीटर चुकलं तर टीव्ही कसा चालला? आणि साठ माणसांनी आरतीचा हुकूम सलग कसा ऐकला? त्यावर त्याचं उत्तर अजून यायचंय.

फेब्रुवारीत आरती सुट्टीवर आली आणि मुद्दाम दुकानात आली. साधा पंजाबी ड्रेस, पण चाल अशी की भट्टीवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, वाकून पाया पडली.

“काकू, आईनं मला पाहिलं ते तुमच्यामुळे. मामा सांगत होता, आख्ख्या गावात तुमचं नाव निघतंय. तुम्ही लावून दिलंत म्हणून.”

आता तुम्हाला माझा स्वभाव माहीत झालाच आहे. एखाद्याचा माउस हलवून दिला तरी मी चार जणांना सांगते. आणि इथे आयुष्यातलं सगळ्यांत मोठं कौतुक आपल्या पायाने चालत दुकानात आलं होतं, भट्टीवरचे सगळे ऐकत होते. मी नुसतं हसले असते तरी चाललं असतं.

“मी नाही लावलं, आरती,” मी म्हणाले. “मला जे येत होतं ते सगळं मी करून पाहिलं. त्यातलं काहीही चाललं नव्हतं.”

ती सरळ उभी राहिली. “मग कोणी लावलं?”

“ठाऊक नाही, बाळा. ठाऊक असतं तर ते मीच केलं म्हणून सांगितलं असतं.”